मळवलीला उतरायचं

पुणे–लोणावळा लोकलचं शेवटून दुसरं स्थानक म्हणजे मळवली. फलाटावर उभं राहिलं की दक्षिणेला विसापूरचा लांबलचक माथा दिसतो आणि त्याच्या पोटात भाज्याची लेणी आहेत. उत्तरेला, नदीपलीकडच्या डोंगरात कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह. मधून इंद्रायणी वाहते. दोन हजार वर्षांपूर्वीची दोन मोठी लेणी एका साध्या स्थानकाच्या दोन अंगांना आहेत आणि तिथवर पुण्याहून जायला एका चहा-वडापावपेक्षाही कमी पैसे लागतात, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मुंबईकरांनाही हे अवघड नाही. एक्स्प्रेसनं लोणावळा गाठायचं आणि पुण्याकडे जाणारी लोकल पकडून एक स्थानक पुढं यायचं.

माझ्या ओळखीतली बहुतेक मंडळी ही लेणी गाडीनं पाहतात. द्रुतगती मार्गानं जायचं, पायथ्याशी गाडी लावायची, तासाभरात लेणं उरकायचं आणि लोणावळ्यात जेवून, चिक्की घेऊन परत. घरात थकलेलं माणूस असेल, लहान मूल असेल, तर गाडी लागतेच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाजे आणि कार्ले ही वाटसरूंची लेणी आहेत. ती जिथं आहेत तिथं एक वाट आहे, म्हणून ती तिथं आहेत. वाटसरूसारखं, चार लोकांबरोबर, गाडीच्या वेळा सांभाळत आणि थोडं चालत तिथं गेलं की त्या डोंगरांचा एकमेकांशी असलेला संबंध आपोआप उलगडतो. हे मी अगदी अनुभवानं सांगते.

या खेपेला बरोबर शेजारच्या काकू होत्या. एकवीरा त्यांची कुलदेवी. नवरात्रातल्या गर्दीत आता त्यांना जाववत नाही, म्हणून दसरा उलटल्यावर ओटी भरायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. मला म्हणाल्या, "अगं, तू त्या लेण्यांना जातेस ना सारखी? मग मला ने की बरोबर. दोन्ही एकाच डोंगरावर तर आहे." मी म्हटलं, "काकू, तुमच्यासाठी गाडी सांगते." त्यावर त्या जवळजवळ रागावल्याच. "गाडी कशाला? लोकल आहे की!"

काकूंचं लोकलशी जुनं नातं आहे. पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली १९७८ साली. त्यानंतर काही वर्षांतच काकू पिंपरीतल्या एका कारखान्यात लागल्या आणि शिवाजीनगर ते पिंपरी हा प्रवास त्यांनी निवृत्तीपर्यंत केला. बायकांच्या डब्यात भाजी निवडणं, एकमेकींच्या मुलांचे स्वेटर विणणं, संक्रांतीचं हळदीकुंकू, बाळंतपणाला निघालेलीची ओटी, असं सगळं त्या डब्यात झालेलं. कोण कुठं चढायची आणि कुठली जागा कुणाची, हे त्या अजूनही सांगतात. आपल्या शहराचा अर्धा इतिहास असा डब्यांमध्ये घडला आणि कुणी लिहून ठेवला नाही, याची मला हळहळ वाटते.

आम्ही सकाळची लोकल धरली. खडकी झालं, नदी ओलांडली, दापोडी गेलं. कासारवाडी, पिंपरी, चिंचवडला पहिल्या पाळीचे कामगार उतरले. "हे माझं स्टेशन," काकू पिंपरीला म्हणाल्या आणि खिडकीतून फलाट मागं जाईपर्यंत बघत राहिल्या. आकुर्डीला कॉलेजची पोरं उतरली. देहूरोडनंतर बेगडेवाडी, घोरावाडी ही छोटी स्थानकं येतात आणि तिथून खिडकीतलं चित्र पालटतं. इमारती विरळ होतात, डोंगर जवळ येतात. तळेगावला डबा पुन्हा भरतो, पण माणसं वेगळी असतात. वडगाव हे मावळ तालुक्याचं ठिकाण, त्यामुळे तहसिलीत काम असलेली, कागदांची पिशवी मांडीवर घेतलेली मंडळी वडगावला उतरतात. माझ्या समोरचे आजोबा सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करायला निघाले होते. त्यांनी काकूंना विचारलं, "देवीला का?" ओटीची पिशवी बघूनच त्यांनी ओळखलं असणार.

वडगावच्या पुढं दोन्ही बाजूंना भात. दसऱ्यानंतरचे ते दिवस मावळात फार सुंदर असतात. लोंब्या भरून वाकलेल्या, शेतं हिरव्यातून पिवळ्यात निघालेली, आणि खिडकीतून ओल्या गवताचा वास. पुण्यातल्या घराघरांत शिजणारा, मऊ आणि सुवासिक इंद्रायणी तांदूळ याच वडगावच्या भात संशोधन केंद्रानं काढला, १९८७ साली. ज्या नदीचं नाव त्याला दिलं, ती रुळांच्या सोबतीनं वाहत पुढं देहू-आळंदीला जाते. आपल्या ताटातला भात कुठल्या पाण्यावर पिकतो हे लोकलच्या खिडकीतून असं सहज दिसतं. शहराला पोसणाऱ्या मुलखाची शहरातल्या माणसाला एवढी तरी ओळख असावी, असं मला वाटतं.

वडगावची दुसरी ओळख लढाईची. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून बोरघाट चढून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनी तळेगावपाशी अडवलं, माघार घेताना वडगावला घेरलं आणि तह करायला लावला. त्याआधी कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं मारला गेला होता. मराठ्यांनी त्याच्या धाडसाची कदर करून त्याला 'इष्टूर फाकडा' म्हटलं, आणि वडगावला त्याचं स्मारक आहे. ही हकिकत मी काकूंना सांगितली, कारण त्यातही वाट तीच होती. कोकणातून वर यायचं तर बोरघाट आणि घाट चढलं की कार्ल्याची ही दरी. फौजा तिथूनच आल्या, व्यापारीही तिथूनच, आणि रेल्वेही.

मळवलीला उतरून भाज्याकडे निघालं की थोड्याच वेळात द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. मी तिथं नेहमी थांबते. खालून मोटारी सुसाट जात असतात. त्यांच्यापैकी कुणालाही इथं थांबता येत नाही. डावीकडे-उजवीकडे दोन हजार वर्षांचा इतिहास डोंगरात कोरलेला आहे, आणि त्याच्या बरोबर मधून हजारो माणसं रोज काहीही न बघता जातात. मीही त्या रस्त्यानं असंख्य वेळा गेले आहे. पुलावर उभं राहिल्यावर मात्र हळू चालण्याचं मोल कळतं.

पुलापलीकडे भाजे गाव. गावातून पायऱ्या सुरू होतात. काकू दम खात, पण न कुरकुरता चढल्या. पावसाळ्यात ज्या धबधब्याखाली पाय ठेवायला जागा नसते, त्याची आता बारीक धार उरली होती. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढून आत गेलो, तर आमच्याखेरीज एक शाळामास्तर आणि त्यांची दोन मुलं, एवढेच.

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं. दर्शनी भिंत नाही, कारण तो भाग लाकडाचा होता आणि केव्हाच नाहीसा झाला. तो जोडण्यासाठी खडकात पाडलेली भोकं तेवढी दिसतात. आतले अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी घरात छपराचा भार पेलायला खांब तसे उभे करावे लागत. दगडात कोरताना त्याची काहीच गरज नव्हती. पण कोरणाऱ्यांचे हात लाकडाला सरावलेले होते, आणि दगडातही त्यांनी तेच घर उभं केलं. छताला सागवानी कमानी अजून आहेत आणि त्यांच्यावर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत. लाकूड दोन हजार वर्षं टिकलंय, हे काकूंना पटेना. "खरंच जुनं आहे की मागाहून बसवलंय?" असं त्यांनी दोनदा विचारलं. जुनंही आहे, दुरुस्तीतलंही आहे, असं सांगितल्यावर त्या मान वर करून बराच वेळ कमानी न्याहाळत राहिल्या.

थोडं पुढं गेलं की चौदा लहान स्तूपांचा समूह लागतो, काही खडकाच्या आत आणि काही बाहेर. ही इथं राहून गेलेल्या थोर भिक्खूंची स्मारकं. काहींवर नावं आहेत: धम्मगिरी, संघदिन. एवढंच. त्यांनी काय केलं, कुठून आले, काही नाही. पण नाव टिकलं. अखेरच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यात, रथात बसलेला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेला आहे, असं सहसा सांगतात; अभ्यासकांमध्ये त्यावरून वाद आहेत. मला त्या दृश्यात सगळ्यात जवळची वाटते ती कोपऱ्यातली वादक बाई. समोर दोन वाद्यं, त्यांवर तिचे हात, आणि शेजारी एक नाचणारी. काकू जवळ जाऊन वाकून बघत म्हणाल्या, "अगं, ही तर तबला वाजवतेय!" तबल्याच्या जन्माच्या चर्चेत हे शिल्प खूपदा पुढं केलं जातं. तो तबला आहे की नाही हे जाणकारांनी ठरवावं. पण दोन्ही तळहातांनी ठेका धरलेली बाई दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी कोराविशी वाटली, याचाच मला फार आनंद होतो.

खाली येऊन एका घराच्या ओट्यावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. घरच्या बाईंनी न मागता ताक आणून दिलं आणि पैसे घ्यायला नकार दिला.

तिथून कार्ल्याला जायला मळवलीपर्यंत परत यावं लागतं. रूळ ओलांडून, इंद्रायणीवरचा पूल पार करून शेअर रिक्षानं कार्ला फाटा गाठायचा. फाट्यावर जुना मुंबई-पुणे हमरस्ता. तो ओलांडून वेहेरगावच्या रस्त्यानं पायथ्याला. हा टप्पा नकाशावर क्षुल्लक आहे, पण माझ्यासाठी सगळ्या दिवसाचा गाभा हाच. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाताना द्रुतगती मार्ग, रेल्वे, नदी आणि जुना हमरस्ता, एवढं सगळं काही किलोमीटरांच्या आत एकामागून एक ओलांडावं लागतं. दक्षिणेला विसापूर-लोहगड, उत्तरेला कार्ल्याचा डोंगर आणि मध्ये ही सपाट पट्टी. घाट चढून आलेल्या माणसाला, बैलाला किंवा इंजिनाला जायला दुसरी सोयीची जागाच नाही. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांवरचा माल याच अंगानं वर येत असे. दिवसाचा चढ संपवून थकलेल्या तांड्याला मुक्काम हवा, पाणी हवं, आणि चार शब्द ऐकवणारं कुणी हवं. तिथं डोंगरात भिक्खू राहत होते. लेण्यांची जागा मग वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, तेव्हा खालचा घाट अजून पुरा व्हायचा होता. प्रवासी मधला टप्पा पालखीतून, तट्टावरून किंवा पायी पार करत. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये पूर्ण झाली. ते काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथं आल्यावर लगेचच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट पुढं चालवलं. घाट फोडताना हजारो मजूर दगावले. त्यांची नावं कुठल्याच खडकावर नाहीत.

कार्ल्याच्या पायऱ्यांवर हार, नारळ, खणांच्या दुकानांची रांग. काकूंचा चेहरा इथं उजळला. मुंबईकडच्या कोळणींचा एक मोठा घोळका आमच्या पुढं चढत होता. मासोळीच्या आकाराचे दागिने, अंगावर चोपून नेसलेली लुगडी, आणि तोंडानं देवीचं गाणं. एकवीरा आगरी-कोळ्यांची मोठी देवता. त्यातल्या एकीनं सांगितलं की एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आता त्या बायका-बायकाच येतात, घरच्या पुरुषांची सवड बघत बसत नाहीत. मार्च २०२३ पासूनची ही सवलत. तिच्या बाजूनं आणि विरोधात आकडेमोड खूप झाली. पण साठीच्या घरातली, नवऱ्याला न विचारता तिकीट काढून डोंगर चढणारी ही बाई पाहिली की मला त्या सवलतीचं मनापासून समाधान वाटतं.

देवीची ओटी भरली, काकूंचे डोळे भरून आले. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "चल, आता तुझं लेणं बघू." देवळाच्या अगदी शेजारीच चैत्यगृहाचा दरवाजा. इतकी वर्षं त्या देवीला येत होत्या, पण आत नीटसं कधी पाहिलंच नव्हतं. पाळणे, नवस आणि परतीची घाई यांतच दिवस जायचा.

हे चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३८ मीटर, उंची १४ मीटर. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर जोडपी. छताला लाकडी कमानी, आणि स्तूपावर त्या काळची लाकडी छत्री अजून तशीच. दारावरच्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड स्तूपावर पडतो आणि बाजूच्या वाटा अंधारात राहतात. बाहेरच्या घंटा आणि गलका आत आल्यावर दूरचा वाटतो.

पण कार्ल्यात मला बांधून ठेवतात ते शिलालेख. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीनं हे शैलगृह पूर्ण केलं आणि ते 'जंबुदिपम्हि उतमं', म्हणजे जंबुद्वीपात उत्तम, आहे असं अभिमानानं लिहून ठेवलं. मात्र खर्च त्या एकट्याचा नव्हता. एक खांब याचा, एक त्याचा. धेनुकाकट या गावचे दाते पुष्कळ आहेत. ते गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तिथल्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्यानं दिलेलं दान आहे, सामि नावाच्या सुतारानं केलेलं दार आहे, यवनांनी (तेव्हा ग्रीकांना असं म्हणत) दिलेले खांब आहेत. सोपाऱ्याहून आलेल्या, धर्मग्रंथ म्हणणाऱ्या एका भिक्खूचंही दान आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्खूंच्या पोटापाण्यासाठी करजिक नावाचं गाव दिलं. चारी दिशांनी आलेल्या, पावसाळा इथं काढणाऱ्या सगळ्यांसाठी, असं त्या लेखात म्हटलंय. वलूरक हे या जागेचं तेव्हाचं नाव.

हे वाचून दाखवत होते तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हणजे वर्गणी काढून केलंय की!" हो, अगदी तसंच. अत्तरवाला, सुतार, परदेशी व्यापारी, भिक्खू. ज्याला जे जमलं ते. आणि ते केलं कुणासाठी, तर अजून न आलेल्या, कुठल्याही दिशेनं येणाऱ्या वाटसरूसाठी. कुणाचीही ओळख नसताना, मी-माझं न करता. लोकल आणि एसटी मला याच जातीच्या गोष्टी वाटतात. सगळ्यांच्या थोड्या-थोड्या पैशांतून उभ्या राहिलेल्या आणि कोण बसणार हे न विचारता निघणाऱ्या.

या खांबांची उत्तम ओळख करून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती होते, राहायचे पुण्यात, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत असताना अनेक वर्षं डेक्कन क्वीननं ये-जा करायचे. मधल्या काळात पुण्याभोवतीचे डोंगर आणि जुन्या वाटा त्यांनी पायी पालथ्या घातल्या. कार्ल्याच्या लेखांवर त्यांनी लिहिलं, एका यवनाच्या खांबावरचा स्फिंक्स नेमका हेरला, आणि मठ, व्यापारी वाटा व गावदेवता यांचं गणित मांडलं. डेक्कन क्वीन मळवलीला थांबत नाही. पण खिडकीतून हेच दोन डोंगर त्यांना जाता-येता दिसत असणार. त्यांचे पाय सुट्टीच्या दिवशी इकडे वळले यात रोजच्या त्या प्रवासाचा वाटा असावा, असा माझा तर्क आहे.

परतीची वेळ मात्र जपावी लागते. सकाळ-संध्याकाळ लोकल आहेत, दुपारी दोन गाड्यांमधलं अंतर फार मोठं. त्यामुळे दहावीच्या पोरीला शाळेतून, बाळंतिणीला दवाखान्यातून, शेतकऱ्याला कचेरीतून परतायचं असलं की फलाटावर तासन्‌तास बसावं लागतं. माझ्यासारख्या एका दिवसाच्या पाहुणीला ते चालून जातं. कामशेत-कान्ह्याच्या माणसांचं तसं नाही, त्यांचं रोजचं आयुष्य या वेळापत्रकावर आहे. दुपारच्या लोकल वाढाव्यात ही मागणी मावळात जुनी आहे आणि ती रास्त आहे. रस्ते रुंद करायला जागा आणि पैसा सापडतो. मग लोकलच्या फेऱ्यांसाठीही सापडायला हवा. मळवलीसारखी स्थानकं जागती राहिली तर शहर आणि मुलूख यांच्यात जाणं-येणं राहील, नाहीतर मावळात शहराचे फक्त बंगले उरतील.

संध्याकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. समोर कामशेतच्या एक मावशी होत्या, लोणावळ्यात भाजी विकून रिकामी पाटी घेऊन परत निघालेल्या. कुठून आलात, काय काय बघितलं, अशी त्यांनी चौकशी केली. भाजे-कार्ले ऐकून म्हणाल्या, "मग बेडसं ऱ्हायलं की! तिथं तर कुणीच नसतं. कामशेतला उतरायचं, पवनानगरच्या गाडीनं जायचं, बेडसं गावाच्या फाट्यावर उतरायचं. पुढं चालत."

"पायऱ्या आहेत का हो?" काकूंनी विचारलं.

"हायेत की, चांगल्या चारशेक असतील. सावकाश चढायच्या."

काकूंनी जरा विचार केला आणि माझ्याकडे वळल्या. "दिवाळी झाली की जमेल का गं तुला? सकाळची लोकल कामशेतला थांबते ना?"

"सगळ्याच थांबतात, काकू."